शतावरीच्या वाफ्यातली पाटी

मी बागेतली पाटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, पत्र्याची. पाठीला लोखंडी गज, तोही आता गंजला आहे. माझ्यासारख्या पाट्यांजवळ तुम्ही फार वेळ थांबत नाही, मित्रांनो. नाव वाचता आणि पुढे जाता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण पाटीचं काम तेवढंच असतं. पण माझ्या अंगावरच्या एका शब्दाने एका घरावर काय वेळ आणली, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म शहागंजातल्या एका अरुंद दुकानात झाला. तिथला पेंटर दिवसभर मोटारींचे नंबर आणि दुकानांची नावं रंगवायचा. त्याने मला आधी हिरवा रंग दिला, दोन दिवस वाळू दिलं आणि मग बारीक ब्रशने पांढऱ्या अक्षरात लिहिलं, ‘शतावरी’. त्याखाली लहान अक्षरात, ‘मुळ्या औषधी. बाळंतिणीस दूध येण्यासाठी उपयुक्त.’ शेवटचा शब्द जागेत मावेना, म्हणून तो जरा दाटीवाटीने लिहिला आहे.

मला बनवून घेतलं होतं तात्यासाहेबांनी. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेची वनस्पती बाग आहे. ती बाग त्यांनी उभी केली होती. त्यांनी मला औषधी वनस्पतींच्या वाफ्यात, शतावरीच्या वेलाशेजारी स्वतःच्या हाताने रोवलं. सुईसारख्या पानांचा तो काटेरी वेल माझ्या खांद्यावर रेलून असायचा. पावसाळा सरताना त्याला पांढरी बारीक फुलं यायची आणि माझ्या पत्र्यालाही त्यांचा वास लागायचा. महाविद्यालयांची मुलं-मुली यायची, वही उघडायची, माझ्याकडे बघून लिहून घ्यायची. तात्यासाहेब खिशातल्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसायचे. ती माझी सुखाची वर्षं होती. मी जे सांगत होते, ते माझ्याशेजारी उभं होतं.

पुढे तात्यासाहेब निवृत्त झाले आणि लेकाकडे पुण्याला गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बागेत उरले फाटकावरचा पहारेकरी बद्रीनाथ आणि रोजाने निंदणी करणाऱ्या दोन-तीन बाया. मग एका उन्हाळ्यात पाण्याची नवी पाइपलाइन आली. चर खणताना शतावरी मुळासकट उपटली गेली आणि ढिगाऱ्यात वाळून गेली. मला मजुरांनी बाजूला ठेवलं होतं. काम झाल्यावर डोंगराकडची माती आणून त्यांनी चर बुजवला आणि होती त्याच जागी मला पुन्हा ठोकून बसवलं. त्यांचं काही चुकलं नाही. पाटी काढली होती, त्यांनी पाटी लावली.

पण त्या डोंगराच्या मातीतून एक कंद आला होता.

पहिल्या पावसात तिथून एक नाजूक कोंब वर आला. पानांची टोकं दोऱ्यासारखी वळलेली. त्या टोकांनी माझा गज धरून तो वर चढला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला फुलं आली, आणि तशी फुलं मी कधी पाहिली नव्हती. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक, जणू वाऱ्यावर पेटलेली चूल. ही शतावरी नव्हती. माझ्या अंगावर मात्र शतावरीच लिहिलेलं होतं.

मित्रांनो, तुमच्या गळ्यात दुसऱ्याच कुणाच्या नावाची पट्टी बांधून तुम्हाला चौकात उभं केलं तर कसं वाटेल? मला तसं वाटायचं. कुणी माझ्यासमोर थांबलं की माझा जीव वर-खाली व्हायचा. वाचू नका, असं म्हणावंसं वाटायचं. वारा आला की मी गजावर खडखडायचे. माझा वरचा स्क्रू ढिला झाला होता. पण पाटीच्या खडखडण्यातून कुणाला काय कळणार?

अशी तीन वर्षं गेली. मग यंदाचा तो रविवार आला.

गणपती उठून आठ-दहा दिवस झाले होते. पाऊस उघडला होता. सकाळच्या उन्हाला नवी धार आली होती आणि तेरड्यावर फुलपाखरांची गर्दी होती. सात वाजता पंधरा-वीस माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून फाटकातून आत आली. शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाची ती सकाळची फेरी होती. इंद्रजीत सर पुढे चालत होते आणि ऊन कडक व्हायच्या आत काय काय टिपायचं ते सांगत होते. मंडळी पांगली. कुणी कोळ्याच्या जाळ्यापुढे बसलं, कुणी दवाच्या थेंबापुढे. पण वाफ्यातल्या लाल फुलांनी एकेकाला ओढून आणलंच. अर्ध्या तासात माझ्यापुढे दहा-बारा जणांनी कॅमेरे रोखले. प्रत्येक क्लिकसरशी मी अंग चोरून घेत होते.

शेवटी आली मंजुषा. ती वाळूजला एका कंपनीत नोकरी करते आणि कॅमेरा नुकताच शिकू लागली आहे. ती ओल्या गवतात कोपरांवर आडवी झाली. बाकीच्यांनी फक्त फूल टिपलं होतं. हिने फुलाच्या मागे मलाही घेतलं, नाव दिसावं म्हणून. ती जे करत होती ते मन लावून करत होती, म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

नीट दिसावं म्हणून तिने वेल बाजूला सारायला हात पुढे केला, तसा मागून आवाज आला.

“बाई, लांबूनच बघा. हात नका लावू तिला.”

ही राजाबाई. तिचं माहेर सोयगावकडचं, मेंढपाळाच्या घरातलं. नवरा मुंजाबा आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ फिरतो आणि ही इथं खुरपं घेऊन वाफे निंदते. बागेतलं एकूण एक झुडूप तिला ओळखीचं आहे.

“का हो मावशी? काटे आहेत?” मंजुषाने विचारलं.

“काटे नायत. कळलावी हाय ती. तिचं फूल घरात नेलं तर भांडनं लागत्यात, असं म्हनत्यात आमच्याकडं.”

मंजुषा हसली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग राजाबाईकडे. “कळलावी. छान नाव आहे. म्हणजे शतावरीलाच तुमच्याकडे कळलावी म्हणतात का?”

राजाबाईनं खुरपं थांबवलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माझ्याविषयी आदर होता, आणि तो मला सोसवेना. राजाबाईला वाचता येत नाही.

“तुमी काय म्हनता ते मला ठावं नाय, बाई. आमी कळलावी म्हनतो. तिथं लिवलं असंल की समदं.”

“हो, लिहिलंय,” मंजुषा म्हणाली.

तेवढ्यात इंद्रजीत सरांनी पलीकडून हाक मारली. मंजुषा कपड्यांवरचं गवत झटकत उठली आणि गेली. राजाबाई पुन्हा निंदायला लागली. मी दोघींच्या मधे उभी होते. एकीला झाड माहीत होतं, एकीला अक्षर. माझं तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं. त्या सकाळी वारासुद्धा नव्हता.

मंजुषाने घरी जाऊन त्या छायाचित्राखाली काय लिहिलं, ते मला पुढे कळलं. ‘शतावरी. बागेतल्या मावशी सांगत होत्या, इकडे हिला कळलावीही म्हणतात. बाळंतिणीला दूध येण्यासाठी हिच्या मुळ्या उपयोगी.’ छायाचित्र सुंदरच होतं. मंडळाच्या ग्रुपवरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, तिथून तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत ते कुठे कुठे पोचलं याचा तिलाही पत्ता नव्हता.

मंगळवारी दुपारी एक तरुण माझ्यापुढे येऊन उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात फोन. त्याने फोनवरचं चित्र माझ्याशेजारी धरलं आणि दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं. मग फोन कानाला लावला.

“आई, सापडली. व्हय, पाटी बी हाय. ‘बाळंतिणीस दूध येण्यासाठी’, तेच लिवलंय. नाय नाय, फाटकावरच्या काकाला इचारूनच आलो आत.”

त्याचं नाव बिभीषण. तो चितेगावचा. त्याची बायको सृष्टी वीस दिवसांची बाळंतीण होती आणि बाळाचं पोट भरत नव्हतं. राजाबाई तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला पाला गोळा करत होती. बिभीषणनं चपला काढल्या, वेलापुढे हात जोडले आणि मग काटकीनं माती उकरली. कंद निघाला तो नांगराच्या फाळासारखा, दोन फाट्यांचा. त्याने एकच फाटा मोडून घेतला आणि वेल मरू नये म्हणून बाकीचा कंद पुन्हा मातीत दाबला. वर तळहातानं माती सारखी केली. इतक्या सज्जन माणसाला मी फसवत होते. तो वळला तेव्हा वाऱ्याची एक झुळूक आली. मी जमेल तेवढी खडखडले. त्याने मागे वळून पाहिलं, मला धरून सरळ केलं आणि तो निघून गेला.

ती रात्र कशी काढली, ते सांगत नाही.

बुधवारी सकाळी राजाबाई आली. वेलाची माना टाकलेली पानं तिला लांबूनच दिसली. तिने खुरप्याने माती सारली, मोडलेला कंद पाहिला आणि बद्रीनाथला हाक मारली.

“भाऊ, हे कुनी काढलं?”

“काल एक जण आला होता चितेगावहून,” बद्रीनाथ म्हणाला. “शतावरी पाहिजे म्हणाला, बायको बाळंत झालीय. मी म्हटलं, जा, तिकडं पाटी आहे.”

“शतावरी कुठं हाय इथं?”

“आता बघ. पाटी तुझ्या नाकासमोर...” बोलता बोलता बद्रीनाथ थांबला.

“काय लिवलंय तिच्यावर?” राजाबाईनं विचारलं. “समदं वाचून दाव.”

त्याने वाचलं. नाव वाचलं, मुळ्या वाचल्या, बाळंतीण वाचली. राजाबाईनं खुरपं खाली टाकलं.

“तीन वर्सं मी हिच्या बुडातलं गवत काढतेय,” ती म्हणाली. “मला वाटलं, इख हाय म्हनून लिवलं असंल. भाऊ, ही कळलावी हाय. शानं मेंढरू बी तोंड लावत नाय हिला. मानूस जातं.”

बद्रीनाथ धावत फाटकावरची, येणाऱ्यांची नावं आणि नंबर लिहायची वही घेऊन आला. बिभीषणचा नंबर होता, पण फोन नुसता वाजत राहिला. तो पहिल्या पाळीला गेला होता आणि तिथं फोन गेटवर जमा करावे लागतात. बिभीषणनं फाटकावर दाखवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात मंजुषाचं नाव होतं, म्हणून मग बद्रीनाथने रविवारच्या पानावरचा तिचा नंबर लावला. तिला पुरतं सांगावं लागलं नाही. पाऊण तासात ती स्कूटरवरून बागेत पोचली. चेहरा पांढरा पडलेला.

“मावशी, तुम्ही मला सांगितलं होतंत,” ती म्हणाली.

“नीट कुठं सांगितलं? चला आता.”

निघताना राजाबाई माझ्याकडे वळली. तिने दोन्ही हातांनी गज धरला, दोनदा हलवला आणि मला जमिनीतून उपटलं. “हिला बी घेऊ,” ती म्हणाली. “माझं कोन ऐकंल? चूक कुठनं आली ते दावावं लागंल.”

अशी मी प्रथमच बागेबाहेर पडले. राजाबाईच्या मांडीवर आडवी, तिच्या एका हातात मी, दुसऱ्यात खुरपं. पैठण रोडवर ट्रकच ट्रक होते. मंजुषा हॉर्न वाजवत वाट काढत होती.

चितेगावात बिभीषणचं घर लगेच सापडलं. अंगणात सुपात कंदाच्या पांढऱ्या चकत्या वाळत होत्या. त्यांच्याजवळ त्याची आई, आशाबाई, बसली होती. घरात बाळ रडत होतं.

“आजी, हे कुणी खाल्लं तर नाही ना?” मंजुषाने दारातूनच विचारलं.

“खायचं कसं? वाळल्यावर पूड करायचीय. थोडं किसून दुधात उकळून दिलंय सकाळी सुनेला. पन तुमी कोन?”

“किती प्याली?”

“दोन घोट. कडू लागतंय म्हनून ठिवलंय. साखर टाकून देनारे आता.”

“देऊ नका,” राजाबाई म्हणाली. “इख हाय ते. कळलावी हाय.”

आशाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. घरात बाळंतीण असताना दारात येऊन असं बोलणारी बाई तिला कशी आवडावी? “फोनवर लिवलंय शतावरी म्हनून. लेकानं सवता बघून आनलंय.”

“फोनवर मीच लिहिलंय, आजी. माझं चुकलं. मी पाटी बघून लिहिलं,” मंजुषा म्हणाली. “ही ती पाटी. हीच चुकीची आहे.”

राजाबाईनं मला पुढे केलं. आशाबाई चार यत्ता शिकलेली. तिने माझ्या एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचलं. “श-ता-व-री. बाळंतिणीस दूध येण्यासाठी.” तिने मान वर केली. “हिच्यावर बी तेच लिवलंय की. मग खोटं कोन बोलतंय? सरकारी पाटी का तुमी?”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण तो. मला साक्षीला आणलं होतं आणि मी उलटी साक्ष दिली. भर अंगणात, सगळ्यांसमोर.

राजाबाईनं मला जमिनीवर आडवं टाकलं, गजावर पाय दिला आणि खुरप्यानं माझी अक्षरं खरवडायला लागली. पत्र्याचा कर्कश आवाज सगळ्या गल्लीत गेला. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे उडाले. आधी ‘श’ गेला, मग काना-मात्रा काही न बघता सगळं. तिच्या तळहाताला रक्त आलं तरी ती थांबली नाही.

“आता वाचा,” ती धापा टाकत म्हणाली. “वाचायला कायबी नाय. आता माझं ऐका. मी मेंढरामागं जल्म काढलाय. ह्या कंदानं माझ्या बापाच्या दोन मेंढ्या गेल्या. पोरीला दवाखान्यात न्या.”

तेवढ्यात आतून सृष्टीचा आवाज आला. “आत्या, घशात आग होतेय. मळमळतंय लई.”

आशाबाई गडबडीने उठली आणि सुपाला पाय लागला. चकत्या अंगणभर झाल्या. शेजारच्याची जीप निघाली. मंजुषाने बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतलं, राजाबाईनं सृष्टीला धरलं आणि उरलेलं दूधही तांब्यात घेतलं, डॉक्टरांना दाखवायला. जीप धूळ उडवत घाटीच्या सरकारी दवाखान्याकडे गेली. मी अंगणात पडून राहिले.

सहा दिवस मी तिथंच होते. कोंबड्या माझ्यावरून चालत. कुणी काही सांगत नव्हतं. बिभीषण दोनदा येऊन कपडे घेऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने मला पाहिलं आणि अशी लाथ मारली की माझा एक कोपरा दुमडला. त्याचा मला राग आला नाही. तो कोपरा अजून तसाच आहे.

सातव्या दिवशी जीप परत आली. आधी आशाबाई उतरली, बाळ घेऊन. मग बिभीषण. मग सृष्टी, ओठ सुकलेले, एका हाताने दार धरून. दोनच घोट पोटात गेले होते आणि वेळेवर नेलं, म्हणून ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले होते. ती ओट्यावर बसली आणि तिने बाळाला मांडीवर मागितलं.

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं मला बागेत नेऊन पोचवलं. राजाबाई वाफ्यातच होती. तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“पोरगी जेवती का?” राजाबाईनं विचारलं.

“व्हय, मावशी.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि तिने मला त्याच्या हातून घेतलं.

संस्थेच्या माणसांना मंजुषा जाऊन भेटली. त्यांनी मला पुन्हा रंग दिला. या वेळी काय लिहायचं ते राजाबाईनं सांगितलं, मंजुषाने कागदावर उतरवलं आणि लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कळलावी. विषारी. कंद खाऊ नये.’ राजाबाई म्हणाली, “माझ्यासारखीला बी कळंल असं कायतरी काढा.” म्हणून खाली लाल रंगात कवटी काढली आहे. आता कुणी माझ्यासमोर थांबलं तर मला भीती वाटत नाही. महिन्यातून एका रविवारी मंजुषा राजाबाईबरोबर बागभर फिरते आणि प्रत्येक पाटी झाडाशी ताडून बघते. आतापर्यंत आणखी चार पाट्या चुकीच्या निघाल्या.

तरी माझा जीव स्वस्थ नाही. मंजुषाने ते छायाचित्र काढून टाकलं, चूक झाली म्हणून सगळीकडे कळवलं. पण परवा बद्रीनाथच्याच फोनवर ते कुठून तरी परत आलं. खाली लिहिलं होतं, ‘बाळंतिणीसाठी वरदान. सर्वांना पाठवा.’ माझ्या अंगावरचा शब्द राजाबाईनं खरवडला, पण त्या चित्रात मी अजून जुन्याच अक्षरांनिशी उभी राहून, ही शतावरी आहे असं सांगते आहे. गावोगावी, घरोघरी. तिथं माझा हात पोचत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमचे हात हवेत. लाल-पिवळ्या फुलामागे हिरवी पाटी असलेलं ते चित्र कधी तुमच्या घरी आलं, तर ते पुढे पाठवू नका. ज्याने पाठवलं त्याला उलट फोन करा. आणि घरात नुकतीच कुणी बाळंत झाली असेल, तर आधी धावत स्वयंपाकघरात जा आणि दुधाच्या पातेल्यात काय टाकलं आहे ते विचारा.